काठाखालची तुरपाई

रोह्याच्या बाजारपेठेत साडी पसंत पडली की गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: फॉल-बिडिंग करून कधी मिळेल? या जोडशब्दात दोन अगदी वेगळी कामे आहेत. बिडिंग म्हणजे साडीच्या टोकांचे दोरे सुटू नयेत म्हणून यंत्रावर घातलेली बारीक कड. ती काही मिनिटांत होते. फॉल म्हणजे नेसल्यावर पायाशी येणाऱ्या काठाला आतून लावलेली सुती पट्टी. ती बहुतेक वेळा पिशवीतून कुणाच्या तरी घरी जाते आणि दुपारच्या उजेडात सुईदोऱ्याने तुरपली जाते. कुंडलिकेच्या काठावरचे हे गाव त्याला अपवाद नाही. पेणला हेच, दादरला आणि पुण्यालाही हेच. साडी एक, दुकान एक, यंत्रही हाताशी, तरी पट्टी हातानेच लागते. जुनी सवय आणि स्वस्त मजुरी एवढीच कारणे याला पुरेशी वाटत नाहीत. माझ्या मते कारण कापडातच आहे. जे कापड लोंबते, हलते आणि धुतले जाते, त्याच्या खालच्या कडेचा टाका कापडापेक्षा कमजोर, थोडा सैल आणि हवा तेव्हा उसवता येईल असाच हवा. यंत्राची घट्ट टीप इतर शिलाईत गुण ठरते, पण या जागी ती दोष ठरते.

फॉल लावण्याची रीत जवळून पाहिली की हे लक्षात येते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. पट्टी तिच्या निम्म्याहून कमी, अडीच मीटरच्या आसपास लांब आणि चार-पाच इंच रुंद, म्हणजे निऱ्या आणि त्यांच्या आजूबाजूचा घेर झाकण्यापुरती. पट्टी आधी पाण्यात भिजत घालायची, सावलीत वाळवायची, इस्त्री करायची. हा टप्पा ज्या बाई गाळतात त्यांचे काम पहिल्याच धुण्यात उघडे पडते: सुती पट्टी आकसते, रेशमी किंवा सिंथेटिक काठ आकसत नाही, आणि निऱ्यांच्या तळाशी चुण्या पडतात. मग साडी उलटी अंथरून पट्टीची खालची कड काठाला भिडवायची, टाचण्या लावायच्या किंवा धावदोऱ्याने कच्ची शिलाई घालायची. दोरा साडीच्या रंगाचा आणि एकेरी असतो. सुई पट्टीच्या दुमडीतून निघते, साडीचा जेमतेम एखाददुसरा धागा उचलते आणि तिरकी होऊन पुन्हा दुमडीत शिरते. सुलट बाजूने पाहिले तर काही दिसता कामा नये. अर्ध्या सेंटिमीटरला एक टाका धरला तर अडीच मीटरच्या एका कडेला ५०० टाके होतात, दोन्ही कडांना १०००. आणि हे हजारही टाके एकाच ताणाने पडावे लागतात: दोरा जरा ओढला गेला की काठ गोळा होतो, फार सैल राहिला की जोडव्यात अडकतो.

यंत्राचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. एलियास होवेने १८४६ साली अमेरिकेत ज्या टिपेचे पेटंट घेतले तीच आजही घरगुती यंत्रावर पडते: वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि कापडाच्या पोटात दोघे एकमेकांत अडकतात. दोन तुकडे कायमचे जोडायला याहून चांगला टाका नाही. बाही खांद्याला जोडताना, पँटची बाजू शिवताना हीच टीप हवी. पण कडेवर तिच्या तीन अडचणी होतात. पहिली, ती कापडाच्या दोन्ही बाजूंना सरळ रेघ उमटवते. दुसरी, यंत्राचे दाते खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा थर दाबपट्टीखाली किंचित मागे राहतो. दोन्ही कापडे एकाच जातीची असली तर निभावते, गुळगुळीत साडी आणि सुती पट्टी एकत्र आली की लांबीत फरक पडतो. तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. घट्ट टीप कापडाबरोबर हलत नाही. निऱ्या चालताना उघडतात आणि मिटतात, पडदा वाऱ्याने फुगतो, आणि टिपेची रेघ मात्र ताठ राहते. साडी सुळसुळीत पडण्याऐवजी तळाशी पुठ्ठा लावल्यासारखी दिसते ती यामुळे. काही ठिकाणी पट्टीची खालची कड यंत्रावर टिपतात आणि वरची तेवढी हाताने तुरपतात. ही तडजोड जाड सुती काठावर चालून जाते, कारण तिथे रेघ नक्षीत लपते. वरची कड मात्र साडीच्या अंगावर येते, आणि तिथे ही तडजोडसुद्धा हातालाच शरण जाते.

कमजोर टाका चांगला, हे ऐकायला उलटे वाटते. पण कड ही कपड्यातली सर्वांत आधी झिजणारी जागा आहे. टाच लागली, खिळ्याला अडकली, तर काहीतरी तुटणारच. हातचा टाका तुटला तर दोन पैशांचा दोरा जातो. टीप तुटली नाही तर कापड फाटते. शिवाय कड बदलावी लागते. शाळेच्या गणवेशाच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात, आणि त्या शब्दात घराघरातला हिशेब आहे: मूल जूनमध्ये जेवढे असते तेवढे पुढच्या जूनमध्ये राहत नाही. तुरपलेली माया संध्याकाळी उसवून सकाळी खाली सोडता येते. यंत्राने टिपलेली माया सोडली तरी भोकांची ओळ मागे राहते आणि कपडा वाढवलेला आहे हे सगळ्या वर्गाला कळते.

पडद्यांना तर हे जास्तच लागू पडते, विशेषतः कोकणात. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो; चार महिने सुती कापड ओलसर राहते आणि पुढचे आठ महिने उन्हात सुकते. जाड कापड टांगल्यावर स्वतःच्या वजनाने थोडे लांबते, धुतल्यावर आटते. म्हणून जाणकार हात पडदा कापून लगेच शिवत नाहीत. आधी तो धुऊन काढतात, वरची पट्टी करतात, खाली कच्चा दोरा घालून दोन दिवस दांडीवर टांगून ठेवतात. मग माप वरून न घेता जमिनीपासून घेतात, कारण जुन्या घरात दांडी आणि फरशी समांतर असतीलच असे नाही. कड दोनदा दुमडायची, तीन-चार इंचांची, म्हणजे तिच्या वजनाने पडदा सरळ पडतो. कोपरा तिरका आत घ्यायचा. टाचण्या रात्रभर तशाच ठेवायच्या नाहीत; दमट हवेत त्या गंजतात आणि तो डाग निघत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. एका फॉलला यंत्र काही मिनिटे घेईल, हाताला तास-दीड तास सहज लागतो. तयार कपड्यांच्या कारखान्यात यावर तोडगाही निघाला आहे: वाकड्या सुईचे यंत्र एकाच दोऱ्याने साखळीटाका घालते आणि सुलट बाजूला जवळजवळ काही दिसत नाही. पण त्या साखळीचे एक टोक सुटले की सगळी कड सरसर उसवते. तयार पँटच्या पायाशी हे अनेकांनी पाहिले असेल. हाताने तुरपताना दर वीतभर अंतरावर एक उलटी टीप घालतात, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी नुकसान त्या वीतभरापुरते राहते. दुसरा आक्षेप इस्त्रीने चिकटणाऱ्या टेपचा. ती उष्णतेने वितळून दोन थर धरून ठेवते, सुई न धरणाऱ्यालाही जमते, आणि भाड्याच्या घरातल्या साध्या पॉलिस्टर-सुती पडद्याला मी ती नाकारणार नाही. रेशमाला ती लावू नये: तिला लागणारी उष्णता रेशमाला सोसत नाही, कड कडक होते, आणि पुढे काढायची ठरवली तर चिकटा राहतो. शेजारच्या पेणमध्ये गणेशमूर्तींना खऱ्या कापडाची धोतरे आणि फेटे नेसवण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे, आणि ते कापड चिकटवतात. तिथे ते योग्यच आहे. ते कापड कुणी धुणार नाही, वाढवणार नाही, पुन्हा नेसवणार नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त टोचतो: हे काम टिकले ते केवळ बाईचा वेळ फुकटाच्या भावाने मिळतो म्हणून. यात तथ्य आहे. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने १९०९पासून शिवणकाम शिकवले ते बाईला स्वतःची कमाई असावी म्हणून. फॉल लावणारीला आज मिळते ते नगावर, आणि दर दुकानदार ठरवतो. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामगाराची पाळी लागते, हजेरी पडते. त्याच गावात घरी बसून तुरपणारीचे नाव कुठल्याच वहीत नसते. १९४८च्या किमान वेतन कायद्याने कामगाराच्या व्याख्येत घरी काम नेणाऱ्यालाही धरले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. पण मजुरी कमी आहे यावरून काम हलके ठरत नाही. दर ठरवताना फॉल हे बिडिंगचे शेपूट धरले जाते, ही चूक आहे. कसब पट्टीच्या टाक्यांत आहे आणि भाव त्याचाच व्हायला हवा. दुकानात दोन्हींची मजुरी वेगळी लिहिली, तरी गिऱ्हाइकाला कळेल की तो कशाचे पैसे देतो आहे.

चांगली पैठणी एकापेक्षा जास्त फॉल पाहते. काही वर्षांनी टाचेजवळची पट्टी विरते, काठ मात्र शाबूत असतो. तेव्हा साडी उलटी अंथरतात, चार-पाच टाके सोडून एकेक टाका बारीक कात्रीने कापतात आणि दोरा हलकेच ओढून घेतात. रेशमावर सुईच्या खुणा क्षणभर दिसतात. त्यावर सुती फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवली की धागे पुन्हा जवळ येतात आणि काठ कोरा होतो. नवी पट्टी तोवर तांब्याभर पाण्यात भिजत पडलेली असते.