इटालियनचा पहिला वर्ग आणि मराठी कान

आजचा विषय तसा छोटा वाटेल. कॉलेजात पहिल्यांदाच इटालियन शिकायला बसलेल्या मराठी विद्यार्थ्याला काय सोपं जातं, काय अवघड जातं आणि का, एवढंच आपल्याला बघायचं आहे. पण त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, तो आधी सांगतो.

आपल्याकडे परकीय भाषेचा वर्ग बहुतेक वेळा इंग्रजीच्या आधाराने चालतो. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, नियमांचं स्पष्टीकरण इंग्रजीत, शब्दांच्या वहीत एका बाजूला इटालियन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मग होतं काय, की मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावर जाऊन बसते. तिला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं, म्हणजे इटालियनही आपल्याला जमायचं नाही. हा हिशेब चुकीचा आहे. इटालियनच्या पहिल्या वर्षात ज्या गोष्टी शिकायच्या असतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टींची तयारी मराठीने आधीच करून ठेवलेली असते. इंग्रजीचा पूल मध्ये घातला, की ती तयारी दिसेनाशी होते. कशी, ते एकेक करून बघू.

सुरुवात उच्चारापासून करू. इटालियन लिपीत एकवीस अक्षरं. जसं लिहिलंय तसं वाचायचं, अशी ही भाषा, थोडे ठरावीक नियम सोडले तर. इटालियन 't' हा आपला त आहे आणि 'd' हा आपला द. टेबलाला इटालियनमध्ये 'ताव्होलो' म्हणतात, 'टाव्होलो' नव्हे. आता मराठी मुलाला त म्हणायला कोणी शिकवावं लागतं का? पण अक्षर रोमन दिसलं की जीभ आपोआप इंग्रजीच्या वळणाला जाते आणि ट उमटतो. म्हणजे अडचण जिभेची नाही, डोळ्यांची आहे.

आणखी गंमत पुढे आहे. मराठीत च दोन आहेत. चार मधला च वेगळा आणि चमचा मधला वेगळा. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, पण बोलताना कधी गल्लत करत नाही. इटालियनमध्येही हे दोन्ही आवाज आहेत आणि तिथे ते वेगवेगळे लिहितात. 'चाव' हा निरोपाचा शब्द, त्यातला च आपल्या चार मधला. पित्सा मधला आवाज चमच्यातल्या च च्या जवळचा, फक्त जोर देऊन उच्चारलेला. तसंच शून्याला 'द्झेरो' म्हणतात, तिथे आपल्या जग मधला ज कामाला येतो. हिंदी भाषकाला चमच्यातला हा च मुद्दाम बसवावा लागतो, आपल्याला तो आईच्या हातच्या आमटीबरोबरच मिळालेला असतो.

तिसरी गोष्ट जोडाक्षरांची. इटालियनमध्ये एकेरी आणि दुहेरी व्यंजनाने अर्थ बदलतो. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'कापेल्लो' म्हणजे केस, 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. इंग्रजीच्या सवयीने शिकणाऱ्याला हा फरक कानाला लागत नाही, कारण इंग्रजी शब्दात दोन अक्षरं लिहिली तरी आवाज एकच होतो. पण मराठीत बघा. 'जरा हला' आणि 'हल्ला', 'गाजर किसा' आणि 'किस्सा सांगा'. हा फरक आपल्याला चार वर्षांच्या वयात येतो. वर्गात फक्त एवढंच सांगायचं, की बाबा रे, हा तुझ्या ओळखीचाच फरक आहे.

आता व्याकरणाकडे येऊ. पहिला मोठा धडा लिंगाचा. इटालियनमध्ये निर्जीव वस्तूलाही लिंग असतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. आपल्याकडे तर तीन लिंगं, तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. इटालियनमध्ये नपुंसकलिंग नाही, म्हणजे काम एकाने कमीच झालं. साधारणपणे ओकारान्त शब्द पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी, आणि एकारान्त दोन्हींपैकी काहीही. विशेषण नामाप्रमाणे बदलतं. लाल पुस्तक 'लीब्रो रोस्सो', लाल पेन 'पेन्ना रोस्सा', लाल पुस्तकं 'लीब्री रोस्सी', लाल पेनं 'पेन्ने रोस्से'. मोठा, मोठी, मोठे म्हणणाऱ्या माणसाला यात नवं काय? आपल्याकडे लाल किंवा सुंदर ही विशेषणं बदलत नाहीत, तशीच तिथे निळ्यासाठीचं 'ब्लू' बदलत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी. लिंग असतं ही कल्पना आपल्याला आयती मिळते, पण कोणत्या शब्दाचं कोणतं, हे आयतं मिळत नाही. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा हात म्हणजे 'मानो' स्त्रीलिंगी, तेही शेवटी ओ असून. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची 'लूना' स्त्रीलिंगी. उलट 'प्रोब्लेमा' शेवटी आ असून पुल्लिंगी. तेव्हा प्रत्येक नाम त्याच्या उपपदासकट पाठ करायचं. 'मानो' नव्हे, 'ला मानो'.

उपपद म्हटलं, आणि इथे मराठीची मदत संपते. आपल्या भाषेत उपपदं नाहीत. इटालियनमध्ये 'इल', 'लो', 'ला' आणि त्यांची अनेकवचनं. पुल्लिंगी नामाला बहुधा 'इल', पण विद्यार्थी म्हणायचं तर 'लो स्तुदेन्ते'. का? तर स ला जोडून व्यंजन आलं, किंवा शब्द त्स-द्झ ने सुरू झाला, की 'इल' लावून बोलणं जिभेला जड जातं. म्हणून तिथे स्वरान्त 'लो'. हा नियम पाठ करताना मुलं वैतागतात. त्यांना मी म्हणतो, आपल्याकडे जुनी माणसं 'इस्टेशन', 'इस्कूल' म्हणतात ना? तीच जिभेची सोय. जुन्या इटालियनमध्येसुद्धा अशा शब्दांआधी इ लावायची पद्धत होती, आणि 'लेखी' या अर्थाच्या 'पेर इस्क्रीत्तो' मध्ये ती आजही टिकून आहे. नियमामागचं कारण कळलं की तो लक्षात राहायला सोपा जातो.

यानंतरचा धडा माझ्या विशेष आवडीचा. 'मला कॉफी आवडते' याला इटालियनमध्ये म्हणतात 'मी प्याचे इल काफ्फे'. यातला 'मी' म्हणजे आपला मी नव्हे, तर मला. आवडणारी वस्तू कर्ता, आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं. पुस्तकं आवडत असतील तर 'मी प्याच्चोनो ई लीब्री'. मराठीत काय? मला कॉफी आवडते, मला पुस्तकं आवडतात. रचना तीच. इंग्रजीत मात्र 'मी' हा कर्ता होतो, म्हणून इंग्रजीतून समजावताना शिक्षकाला फळाभर बाण काढावे लागतात. मराठीतून सांगायचं तर एक वाक्य पुरतं.

भूतकाळात तर ही जवळीक आणखी दिसते. मी गेलो, मी गेले. 'सोनो आन्दातो' पुरुष म्हणेल, 'सोनो आन्दाता' बाई म्हणेल. खाण्याचं काय? त्याने खाल्लं, 'आ मान्जातो'. तो गेला, 'ए आन्दातो'. म्हणजे इटालियनमध्ये भूतकाळासाठी दोन सहाय्यक क्रियापदं आहेत, एक असणे या अर्थाचं आणि दुसरं जवळ असणे या अर्थाचं. कुठे कोणतं, यावर नवशिक्यांचा घाम निघतो. एक अंदाजाची युक्ती सांगतो. मराठीत 'तो' घेऊन वाक्य करा. 'त्याने' असं म्हणावं लागलं, तर बहुतेक करून दुसरं क्रियापद. 'त्याने वाचलं', 'त्याने लिहिलं', सगळी तिकडे. स्वतःवरच क्रिया होणारी, म्हणजे अंग धुणं वगैरे परावर्ती क्रियापदं, याला अपवाद. उलट 'ने' लागला नाही, तर मात्र खात्री नाही. 'तो गेला' पहिल्या गटात, पण 'तो झोपला' हे 'आ दोर्मीतो', म्हणजे दुसऱ्या गटात. अर्धा रस्ता युक्तीने जातो, अर्धा पाठांतराने.

आणि बघा, भात खाल्ला, पोळी खाल्ली, म्हणजे आपल्याकडे क्रियापद कर्माच्या लिंगाने फिरतं. इटालियनमध्ये नेहमी नाही, पण कर्माच्या जागी 'तो', 'ती' अशा अर्थाचं सर्वनाम क्रियापदाआधी आलं की तेच घडतं. भाताबद्दल 'लो मान्जातो', पित्साबद्दल 'लो मान्जाता'. खाल्ला, खाल्ली.

आता मराठी जिथे अडवते तेही सांगायला हवं, नाहीतर हे व्याख्यान एकतर्फी होईल. आपल्याकडे 'जवळ असणे' यासाठी वेगळं क्रियापद नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आहे, सगळीकडे 'आहे'. इटालियनमध्ये या तिन्ही ठिकाणी एकच 'ओ', म्हणजे माझ्याजवळ आहे. वयसुद्धा तसंच सांगतात, माझ्याजवळ वीस वर्षं आहेत, भूकसुद्धा तशीच. दुसरं, आपण रोमला जातो आणि इटलीलाही जातो. ते मात्र 'आ रोमा' म्हणतात आणि 'इन इतालिया' म्हणतात, शहराला एक आणि देशाला दुसरं. तिसरं, नात्यांचा धडा. काका आणि मामा दोघांना एकच 'त्सीओ'. पुतण्या, भाचा आणि नातू तिघांना एकच 'निपोते'. आपली मुलं विचारतात, मग ओळखायचं कसं? तर संदर्भाने.

इथे कोणी म्हणेल, आम्ही परके, आम्हाला वर्गात बसून शिकावं लागतं, इटालियन माणसाला ती जन्मतःच येते. इतिहास तसा नाही. १८६१ साली इटली एक राष्ट्र झालं, तेव्हा किती लोकांना इटालियन येत होती? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज शेकडा अडीच. दुसरे अभ्यासक आर्रीगो कास्तेल्लानी यांनी तो आकडा शेकडा दहाच्या आसपास नेला. दहा धरले तरी उरलेले नव्वद लोक आपापल्या बोलीतच जगत होते. प्रमाण इटालियन ही फ्लॉरेन्सच्या बोलीवर उभी राहिलेली लिखित भाषा. मिलानचा मान्झोनी हा थोर कादंबरीकार. त्याने १८२७ साली छापलेली आपली कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलण्याच्या वळणावर पुन्हा बेतली आणि १८४० ते १८४२ या काळात नव्याने प्रसिद्ध केली.

पुढे १९६० ते १९६८ या काळात इटालियन दूरचित्रवाणीवर आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ, कधीच फार उशीर झालेला नसतो. आणि १९६७ साली फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीतल्या मुलांनी, दोन लोरेन्झो मिलानी या पाद्र्याच्या शाळेत, एका शिक्षिकेला उद्देशून पत्राच्या रूपात पुस्तक लिहिलं. त्यांचा आरोप सरळ होता. शाळा शेतकऱ्याच्या पोराला नापास करते, कारण त्याच्या तोंडी शाळेची भाषा नसते, आणि मग त्यालाच मठ्ठ ठरवते. मागच्या बाकावर गेलेली आपली ती मुलगी आठवा. ती इटालियनमध्ये कमी पडत नसते, ती मधल्या भाषेत अडकलेली असते.

तेव्हा करायचं काय? शिक्षकांना विनंती एवढीच, की वर्गात मराठी मुलं असतील तर आठवड्यातून दहा मिनिटं मराठीशी तुलना करा. विद्यार्थ्यांना तीन गोष्टी. शब्दांची वही इटालियन–मराठी ठेवा. नाम उपपदासकट लिहा. आणि रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचा, दुहेरी व्यंजनावर थांबून.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: 'मग इंग्रजी पूर्णपणे टाळायचं का?' नाही हो. शब्दांच्या बाबतीत इंग्रजी फार उपयोगी पडतं, लॅटिनमधून आलेले हजारो शब्द दोन्ही भाषांत सारखे आहेत. 'स्तात्सिओने', 'उनिव्हेर्सिता' कोणालाही ओळखू येतील. शब्दांना इंग्रजीचा हात धरा, वाक्याच्या बांधणीला मराठीचा. ज्याला दोन्ही येतं त्याने दोन्ही वापरावं. ज्याला एकच नीट येतं, त्यानेही पुढच्या बाकावर येऊन बसावं.

आज इथे थांबतो.