कुलसुम सयानी : उंबरठ्यापर्यंत आलेली शाळा

अमीन सयानी यांचा आवाज आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता लोक रेडिओभोवती जमू लागले. त्यांची हिंदुस्तानी सर्वांना समजे. ती घडली अम्मीच्या हाताखाली, तिच्या पाक्षिकाची कामे करताना. त्या अम्मीचे नाव कुलसुम सयानी. मुलाला सारा देश ओळखतो. आईची ओळख मात्र आपल्याच घरांत राहिलेली नाही.

कुलसुमबींचा जन्म १९०० सालचा. वडील डॉ. रजबअली पटेल हे गांधीजींचे डॉक्टर. पती जान मोहम्मद सयानी हेही डॉक्टर. घर खाऊनपिऊन सुखी. समाजकार्य म्हणून एखाद्या समितीवर नाव असले, तरी त्या काळी पुष्कळ झाले असते.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम सुरू झाली. वर्ग निघाले, पण पर्द्यातल्या मुस्लिम बायका तिथपर्यंत येणार कशा? 'यांना शिकायचेच नाही,' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. कुलसुमबींनी शंभर रुपये आणि दोन शिक्षिका एवढ्या भांडवलावर उलटा मार्ग धरला : बाई वर्गात येत नसेल तर वर्ग बाईच्या घरी जाईल. शिक्षिका मोहल्ल्यामोहल्ल्यांत दारे ठोठावत फिरल्या, घरच्यांची समजूत घातली, घरातच धडे सुरू केले. हे जमते असे दिसल्यावर शहराच्या समितीने मुस्लिम स्त्रियांच्या वर्गांचे काम त्यांच्याकडे सोपवले.

पुढची अडचण आम्हा शिक्षकांच्या रोजच्या ओळखीची आहे. अक्षर शिकलेल्या माणसाला वाचायला काही मिळाले नाही, तर ते अक्षर विरून जाते. म्हणून १९४० मध्ये 'रहबर' हे पाक्षिक निघाले. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी; लिप्या तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. हिंदी-उर्दूचा वाद पेटलेला होता, पुढे फाळणीही झाली. त्या सगळ्या दिवसांत आणि नंतरही, १९६० पर्यंत, 'रहबर' चालू राहिले.

अखिल भारतीय महिला परिषदेतही त्यांनी काम केले. सरकारने पद्मश्री दिली, १९६९ मध्ये नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. आपल्या मोहल्ल्यांत समित्यांची कमतरता नाही. मशिदीचा ट्रस्ट आहे, जमात आहे, शाळेची समिती आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कागदावर त्या असतातही. पण सभेचे रजिस्टर घरी पाठवायचे, चुलीपुढून उठवून सही किंवा अंगठा घ्यायचा, हे आम्ही पाहत आलो आहोत. ठराव कशाचा होता, हे त्या आईला कुणी वाचून दाखवत नाही. तिची मुलगी आठवीनंतर घरी बसते, तेव्हा तीच समिती पालकांच्या उदासीनतेवर चर्चा करते.

आपल्या जलशांत 'इक्रा' या शब्दावर तकरिरी होतात, आणि त्या व्हाव्यातच. पण तकरीर ऐकायलाही जी घराबाहेर पडू शकत नाही, तिच्याकडे कोण जाणार?

यासाठी मोठी संस्था लागत नाही. केंद्र सरकारच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढील निरक्षरांना स्वयंसेवकच शिकवतात. जवळच्या शाळेत चौकशी करता येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जोहरच्या नमाजनंतर शेजारच्या खालाजानकडे अर्धा तास बसावे. पहिल्या आठवड्यात नाव, मग रेशनकार्ड, मग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. आणि जे समितीवर आहेत, त्यांनी पुढच्या सभेआधी रजिस्टर घेऊन स्वतः जिना चढावा, ठराव वाचून दाखवावा आणि त्या आईचे मत विचारावे. सही त्यानंतर घ्यावी.