समजून घ्या : मालवणच्या घराला सोलापूरचे काँक्रीट का चालत नाही?

कोकण किनाऱ्यावरच्या अनेक इमारतींत वीस-पंचवीस वर्षांतच छताचे पोपडे पडू लागतात, कॉलमच्या कडेने उभ्या भेगा जातात आणि गंजलेल्या सळ्या बाहेर डोकावतात. तेवढ्याच वयाची सोलापूर किंवा लातूरकडची इमारत मात्र अनेकदा धडधाकट असते. सिमेंट तसेच, सळई तशीच आणि कित्येकदा नकाशावरचे ‘एम-२०’ही तेच. फरक असतो तो हवेत, पावसात आणि जमिनीत. काँक्रीटची निवड या तीन गोष्टी पाहून करावी, असे ‘आयएस ४५६ : २०००’ हे भारतीय मानक सांगते. आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ही निवड कशी होते, हे समजून घ्यायला हवे.

काँक्रीटच्या आत नेमके काय बिघडते?

चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू म्हणजे पीएच साधारण १२.५ ते १३ असतो. अशा वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर शाबूत आहे तोवर सळई सहसा गंजत नाही.

हा थर दोन प्रकारे तुटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो आणि त्याचा सामू ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात आणि ते सगळीकडेच होते. दुसरा शत्रू म्हणजे क्लोराइड, अर्थात मीठ. खाऱ्या वाऱ्यातून, खाडीच्या वाळूतून किंवा बोअरच्या पाण्यातून आलेले क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की सामू चांगला असतानाही ते थराला जागोजागी भोके पाडते.

पुढचे काम पाणी आणि ऑक्सिजन करतात. गंजाला मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. ती जागा काँक्रीटच्या पोटात नसते, म्हणून ते आतून फाटते. अशा भेगेवर वरून गिलावा मारला तर भेग दिसेनाशी होते, गंज मात्र चालूच राहतो.

‘एम-२५’ हा आकडा काय सांगतो?

१५० मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा घन २८ दिवसांनी यंत्रात दाबला असता चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २५० किलो भार त्याने पेलावा, एवढाच या आकड्याचा अर्थ. ही ताकद झाली. मीठ आणि ओलावा त्यातून किती सहज आत शिरेल, हे आकडा थेट सांगत नाही. दुमजली घराचा भार एम-२० सहज पेलतो. पण भार पेलणे वेगळे आणि पन्नास वर्षे टिकणे वेगळे.

म्हणूनच मानक फक्त ग्रेड सांगून थांबत नाही. किमान ग्रेड, घनमीटरमागे किमान सिमेंट, पाणी-सिमेंटचे कमाल गुणोत्तर आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण, म्हणजे कव्हर, या चारही अटी एकत्र पाळायच्या असतात.

पाच वर्ग कोणते?

सळई असलेल्या काँक्रीटसाठी, म्हणजे आरसीसीसाठी, मानकातील वर्ग असे आहेत :

• सौम्य (माइल्ड) : ऊन-पावसापासून सुरक्षित असलेला पृष्ठभाग, किनारपट्टी वगळून. एम-२०, सिमेंट ३०० किलो, गुणोत्तर ०.५५, कव्हर २० मिमी.

• मध्यम (मॉडरेट) : पाऊस लागणारा, कायम पाण्याखाली असलेला किंवा साध्या मातीत गाडलेला भाग, किनाऱ्यावर असूनही खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेला भाग. एम-२५, ३०० किलो, ०.५०, कव्हर ३० मिमी.

• तीव्र (सिव्हिअर) : अतिवृष्टी, वारंवार भिजणे-वाळणे, किनाऱ्याची उघडी हवा, पूर्णपणे समुद्रात बुडालेला भाग. एम-३०, ३२० किलो, ०.४५, कव्हर ४५ मिमी.

• अतितीव्र (व्हेरी सिव्हिअर) : समुद्राचे तुषार, रासायनिक धूर, क्षारयुक्त किंवा आक्रमक जमीन व भूजल. एम-३५, ३४० किलो, ०.४५, कव्हर ५० मिमी.

• टोकाचा (एक्स्ट्रीम) : भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील भाग, रसायनांचा थेट संपर्क. एम-४०, ३६० किलो, ०.४०, कव्हर ७५ मिमी.

कव्हरचे हे आकडे साधारण नियम आहेत. काही ठिकाणी पाच मिलिमीटरची सूट मिळते, तर पाया आणि कॉलमसाठी स्वतंत्र किमान मर्यादाही आहेत.

मग आपले घर कोणत्या वर्गात?

सोलापुरातील घराचे आतले कॉलम आणि बीम ‘सौम्य’मध्ये बसतात. पण त्याच घराचा गच्चीचा स्लॅब, छज्जा आणि जमिनीतला पाया ‘मध्यम’मध्ये जातो. म्हणजे एकाच घरात दोन वर्ग झाले. छोट्या बांधकामात दोन प्रकारचा माल सांभाळणे अवघड, म्हणून त्यातला कडक वर्ग सगळीकडे लावणे शहाणपणाचे.

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथला उघडा भाग ‘तीव्र’ मानावा लागतो. मालवण, रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईच्या समुद्राकडच्या बाजूला उघडा भाग ‘तीव्र’ आणि जिथे लाटांचे तुषार पोहोचतात तिथे ‘अतितीव्र’. समुद्रापासून किती किलोमीटरपर्यंत किनारा धरायचा, हे मानक आकड्यात सांगत नाही. वाऱ्याची दिशा आणि मधले अडथळे पाहून ते अभियंत्याने ठरवायचे असते.

मीठ फक्त समुद्राकाठीच असते असे नाही. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाणा भागात पसरलेला खारपाणपट्टा समुद्रापासून कित्येकशे किलोमीटर दूर आहे. तरीही तिथले भूजल खारट आहे. अशा ठिकाणी पाया घालण्याआधी माती आणि पाण्याची तपासणी करून वर्ग ठरवायला हवा. काँक्रीट कालवायचे पाणीही तपासावे. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि सामू ६ च्या खाली नसावा, अशी अट आहे.

बुडालेल्यापेक्षा भरती-ओहोटीतले काँक्रीट जास्त धोक्यात का?

यादीतील ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. पूर्ण बुडालेला खांब ‘तीव्र’ आणि अर्धा वेळ कोरडा राहणारा ‘टोकाचा’, असे कसे? कारण गंजायला ऑक्सिजन लागतो आणि खोल पाण्याखाली तो फारच कमी मिळतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र काँक्रीट खारे पाणी शोषते, ओहोटीला पाणी सुकते आणि मीठ आत उरते. पुढच्या भरतीला त्यात भर पडते. शिवाय हवेतला ऑक्सिजन आयता मिळतो. भिजणे-वाळणे हे सतत भिजण्यापेक्षा वाईट, हा नियम घरातही लागू पडतो. गळणाऱ्या संडास-बाथरूमखालचा स्लॅब नकाशावर ‘सौम्य’ असला तरी प्रत्यक्षात सौम्य राहत नाही.

याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे गोव्याने पाहिले आहे. पणजीत मांडवीवर १९७० च्या सुमारास बांधलेला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. खाऱ्या वातावरणात पुलाच्या आतील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. तारांच्या पुलाची रचना आणि घराचा स्लॅब वेगळे. पण मिठाची चाल सारखीच.

अर्ध्या बादलीने काय फरक पडतो?

साइटवर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक वस्तू म्हणजे पाणी. हिशेब सोपा आहे. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीमागे ०.४५ गुणोत्तराने साडेबावीस लिटर पाणी बसते. माल घट्ट वाटतो म्हणून मिस्त्रीने गोणीमागे पाच लिटर, म्हणजे दहा लिटरची अर्धी बादली, वाढवली की गुणोत्तर थेट ०.५५ होते. कागदावर ‘तीव्र’ वर्गाचे काँक्रीट अर्ध्या बादलीत ‘सौम्य’ वर्गावर आले.

सिमेंटशी संयोग न पावलेले पाणी नंतर उडून जाते आणि मागे केसाहून बारीक वाटा ठेवते. मीठ आणि ओलावा याच वाटांनी आत शिरतात. माल वाहता हवा असेल तर प्लास्टिसायझर नावाचे मिश्रण वापरावे, पाणी नव्हे. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही हिशेबातून वजा करावे लागते. पावसाळ्यात हे हमखास विसरले जाते.

आणखी एक मुद्दा. ठरावीक प्रमाणात माल कालवण्याची नेहमीची पद्धत, म्हणजे नॉमिनल मिक्स, मानकाने एम-२० पर्यंतच मान्य केली आहे. तीही वजनाच्या हिशेबाने. ‘मध्यम’ वर्गालाच किमान एम-२५ लागत असल्याने पाऊस लागणाऱ्या कुठल्याही आरसीसीसाठी प्रयोगशाळेतून काढलेले डिझाइन मिक्स हवे. घमेली मोजून ते साधत नाही.

कव्हर एवढे महत्त्वाचे का?

कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आवरण निम्मे झाले तर सळईपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ निम्मा नाही, चौथाई होतो. ४० मिलिमीटर कव्हरला ६० वर्षे लागत असतील तर त्याच काँक्रीटच्या २० मिलिमीटरला साधारण १५.

प्रत्यक्षात सळ्यांखाली फरशीचे तुकडे किंवा खडी सरकवली जाते. स्लॅब ओतताना माणसे चालली की ती निसटतात आणि सळई थेट प्लायला टेकते. योग्य मापाचे, मूळ काँक्रीटइतकेच चांगले कव्हर ब्लॉक हा त्यावरचा उपाय.

मात्र ‘किनाऱ्यावर आहोत, कव्हर वाढवा’ असे साइटवर ऐनवेळी सांगणेही चूक. स्लॅबची जाडी तेवढीच ठेवून सळ्या वीस-पंचवीस मिलिमीटर आत सरकवल्या तर स्लॅबची भार पेलण्याची क्षमता घटते. जाडी, सळ्या आणि कव्हर यांचा मेळ स्ट्रक्चरल इंजिनीअरने नकाशावरच घालायचा असतो.

सिमेंट कोणते घ्यावे?

किनाऱ्यासाठी फ्लाय अॅशचे पीपीसी किंवा स्लॅगचे पीएससी चांगले. दोन्हींमुळे काँक्रीटमधील बारीक वाटा अधिक बंद होतात आणि क्लोराइड हळू शिरते. पण त्यांना ताकद यायला वेळ लागतो. साध्या ओपीसीला किमान ७ दिवस पाणी मारायचे असेल तर यांना किमान १० दिवस, कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस. क्युअरिंग लवकर थांबवले तर बाहेरचा थर, म्हणजे नेमके कव्हरच, कच्चे राहते.

‘सल्फेटरोधक’ नाव पाहून ते सिमेंट समुद्राकाठी वापरण्याचा मोह टाळावा. त्यात ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट कमी असते आणि क्लोराइडला काही प्रमाणात बांधून ठेवणारा घटक तोच आहे. जिथे सल्फेटसोबत क्लोराइडही आहे, तिथे ते योग्य ठरत नाही.

सिमेंट जितके जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. जादा सिमेंटने उष्णता आणि आकुंचनाच्या भेगा वाढतात. म्हणून घनमीटरला ४५० किलोची वरची मर्यादा आहे.

खर्च किती वाढतो?

‘मध्यम’वरून ‘तीव्र’ वर्गात जाताना किमान सिमेंट घनमीटरला २० किलोने वाढते. एक हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला साधारण साडेअकरा घनमीटर काँक्रीट लागते. म्हणजे फरक सुमारे २३० किलोचा, जेमतेम पाच गोण्यांचा. डिझाइन मिक्सनुसार तो यापेक्षा वाढू शकतो. प्लास्टिसायझर आणि वाढीव जाडीचा खर्च वेगळा. तरीही खराब स्लॅब फोडून दुरुस्त करण्याच्या खर्चापुढे हा फरक किरकोळच.

घर बांधताना किंवा घेताना काय विचारावे?

• नकाशावर वर्ग, ग्रेड, पाणी-सिमेंट गुणोत्तर आणि कव्हर या चारही गोष्टी लिहिल्या आहेत का?

• वाळू खाडीची असेल तर धुतली आहे का? पाण्याचा तपासणी अहवाल आहे का?

• आरएमसीचा ट्रक आल्यावर चलनावरील ग्रेड तपासा. ट्रकमध्ये साइटवर पाणी ओतू देऊ नका.

• जुना फ्लॅट घेत असाल तर सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागा. महाराष्ट्रातील सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. त्यात कार्बोनेशनची चाचणी आहे का, तेही पाहा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन फवारले की चांगला भाग गुलाबी होतो. रंग न आलेला भाग सळईपर्यंत पोहोचला असेल तर तिचे संरक्षण संपले आहे.

• घनांचे चाचणी अहवाल जरूर मागा, पण त्यांच्यावरच विसंबू नका. निकाल येतो २८ दिवसांनी आणि तोवर वरच्या मजल्याचे सेंट्रिंग लागलेले असते. सळईखालचे कव्हर आणि मिक्सरमध्ये पडणारे पाणी स्लॅबच्या दिवशीच पाहावे लागते. त्या दिवशी साइटवर इंजिनीअर हजर असेल, हे कंत्राटातच लिहून घ्या.