बसून राबणारी माणसं

भंडारा जिल्ह्यात चालण्याचा प्रचार कशाला, रोवणीला चिखल तुडवणाऱ्यांना व्यायाम कमी का, हा आक्षेप रास्त आहे. पण तो कचेरीतल्या कारकुनाला आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला लागू होत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं. (चालक तरुणपणीच जाडे असतात, हेही पुढे त्यांनीच गणवेशांच्या मापांवरून काढलं, तेव्हा सगळं श्रेय जिन्यांना देता येत नाही.) २०१६ साली मात्र दहा लाखांवर लोकांच्या माहितीतून दिसलं, की रोज तासभर भरभर चालणाऱ्यांत बसण्याचा धोका जवळपास उरत नाही.

संशोधक मोजमाप करतील, पण माणसं जमवणं संस्थांनाच जमतं. स्कॉटलंडची ‘पाथ्स फॉर ऑल’ ही धर्मादाय संस्था कामाच्या ठिकाणी पावलं मोजण्याच्या स्पर्धा घेते. कचेरीत हे सोपं आहे. मे महिन्यात व्हरांडाही चालेल. विडीचं तसं नाही. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते, उठलं की पैसे बुडतात. तिथे नुसता सल्ला देणं क्रूरपणाचं ठरेल. उठण्याचा वेळ मजुरीच्या दरात धरा, अशी मागणी संस्थांनी करावी आणि तिला लागणारा पुरावा संशोधकांनी पुरवावा.