टेराफ्लॉपचा आकडा आणि ग्राफिक्स कार्डाची खरी ताकद

अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपले की अमरावती आणि अकोल्यातील अनेक घरांत संगणक-खरेदीचा विषय निघतो. पूर्वी प्रोसेसर कोणता आणि हार्ड डिस्क किती जीबीची, एवढ्यावर चर्चा संपत असे. आता खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्ड घेऊन जाते. गेम खेळणाऱ्या मुलापासून लग्नाच्या चित्रफिती संपादित करणाऱ्या स्टुडिओपर्यंत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प हाती घेतलेल्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना ते हवे असते. मात्र खोक्यावरील आकडे वाचून निवड करणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० ही दोन कार्डे त्याचे उत्तम उदाहरण ठरावीत.

पहिले कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आले, दुसरे जून २०२३ मध्ये. ३०६० मध्ये गणन करणारे ३,५८४ कोअर आहेत, तर ४०६० मध्ये ३,०७२. म्हणजे नव्या कार्डात कोअर चक्क कमी. परंतु जुन्याचा कमाल घोषित वेग १,७७७ मेगाहर्ट्‌झ, तर नव्याचा २,४६० मेगाहर्ट्‌झ आहे. प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, अशा दोन क्रिया करू शकतो. तेव्हा कोअरची संख्या, वेग आणि दोन यांचा गुणाकार केला की सैद्धांतिक क्षमता मिळते. ३०६० साठी ती १२.७ टेराफ्लॉप, तर ४०६० साठी १५.१ टेराफ्लॉप भरते. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. या हिशेबाने नवे कार्ड सुमारे १९ टक्के सरस ठरते आणि बहुतेक ग्राहकांचा विचार इथेच थांबतो.

हा आकडा खोटा नाही. पण सर्व कोअर प्रत्येक ठोक्याला कामात गुंतलेले आहेत, हे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. वऱ्हाडी वाचकाला याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याची सैद्धांतिक क्षमता १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी आकडेमोडी, एवढी होती. प्रत्यक्ष कामात तो १०० ते २०० मेगाफ्लॉप देत असे. त्याने त्या यंत्राचे मोल घटत नाही. कमाल क्षमता आणि टिकाऊ वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यातून दिसते.

कोअर रिकामे बसण्याचे मुख्य कारण मेमरी. त्यांना लागणारी माहिती मेमरीतून वेळेवर पोहोचली नाही, तर कितीही वेगवान कोअर वाट पाहत राहतात. ३०६० च्या मेमरीचा मार्ग १९२ बिटांचा आणि प्रत्येक तारेवरून सेकंदाला १५ गिगाबिट वाहणारा आहे. गुणाकार करून आठाने भागले की सेकंदाला ३६० जीबी. ४०६० चा मार्ग १२८ बिटांचा आणि १७ गिगाबिटांचा. वहनक्षमता २७२ जीबी. येथे नवे कार्ड सुमारे २४ टक्क्यांनी मागे पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी चिपमधील दुसऱ्या स्तराची कॅश ३ एमबीवरून २४ एमबी करण्यात आली. वारंवार लागणारी माहिती तिथेच सापडते, मेमरीकडे धाव कमी होते. गेममध्ये ही युक्ती चांगली चालते. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन चित्रांमध्ये स्वतः घडवलेले चित्र घालण्याची एनव्हिडियाची सोय, ४०६० मध्ये आहे, ३०६० मध्ये नाही. त्यामुळे केवळ गेमसाठी खरेदी असेल, तर नवे कार्ड घ्यावे, यात फारसा वाद नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात मात्र चित्र पालटते. ३०६० ची मेमरी १२ जीबी, ४०६० ची ८ जीबी. समजा, विद्यार्थ्याला ७०० कोटी घटकांचे भाषा-प्रारूप घरच्या संगणकावर चालवायचे आहे. प्रत्येक घटकाला एक बाइट धरला, तर त्यालाच ७ जीबी लागतात. त्यावर संभाषणाची आणि विंडोजच्या पडद्याची मेमरी आली की ८ जीबीत जागा उरत नाही. १२ जीबीत ते निवांत बसते. शिवाय उत्तरातील प्रत्येक शब्दखंडासाठी हे ७ जीबी पुन्हा वाचावे लागतात. ३६० ला ७ ने भागले तर सेकंदाला सुमारे ५१ शब्दखंड, २७२ ला भागले तर सुमारे ३९. तेही प्रारूप मेमरीत मावले तर. ही दोन्ही सैद्धांतिक कमाल मर्यादाच आहेत, पण टेराफ्लॉपचा क्रम त्यांनी उलटा केला. कापसाच्या पानांची छायाचित्रे शिकवून रोग ओळखणारी प्रणाली घडवायची असेल, तरीही एका वेळी किती छायाचित्रे मेमरीत मावतात, हा प्रश्न आधी येतो.

मेमरी अपुरी पडली की माहिती मदरबोर्डावरून ये-जा करू लागते. ३०६० तेथे १६ मार्गिका वापरते, ४०६० केवळ ८. मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा असेल, तर ४०६० ला सेकंदाला जेमतेम ८ जीबी मिळतात. कार्यालयातून निघालेला जुना संगणक घेऊन त्यात नवे कार्ड बसवणाऱ्यांनी हे अवश्य तपासावे. चित्रफितींच्या व्यावसायिकांसाठी मात्र नव्याच्या पारड्यात एक जमेची बाजू पडते: एव्ही१ या कमी जागा घेणाऱ्या पद्धतीत चित्रफीत साठवण्याची यंत्रणा ४०६० मध्येच आहे.

आणि मग मे महिना. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे तेथे कोणाला सांगायला नको. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानात भर घालूनच चढते. २५ अंशांच्या खोलीत ६८ अंशांवर राहणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८३ च्या आसपास जाते. कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा ३०६० साठी ९३, तर ४०६० साठी ९० अंश आहे. पण त्याच्या बरेच आधी कार्ड स्वतःहून वेग उतरवू लागते. जो वेग धरून टेराफ्लॉप काढले, तोच मग उरत नाही. येथे ४०६० ची ११५ वॅटची मर्यादा ३०६० च्या १७० वॅटपुढे मोलाची वाटते. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आणि दिवसाला ४ तास पूर्ण भाराचे काम धरले, तर महिन्याला साडेसहा युनिटांची बचत. कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. त्या ओलसर हवेबरोबर आलेली धूळ पंख्यावर आणि पात्यांवर चिकटून बसते.

जुने कार्ड वापरलेले घेणाऱ्यांसाठी एक धोका वेगळाच. ३०६० याच नावाने २०२२ मध्ये ८ जीबीची आवृत्तीही निघाली. कोअर तेवढेच, त्यामुळे कागदावरील टेराफ्लॉपही तेच. पण मेमरीचा मार्ग १२८ बिटांचा आणि वहनक्षमता २४० जीबी, म्हणजे ४०६० पेक्षाही कमी. पैसे देण्यापूर्वी कार्ड संगणकात बसवून जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. ‘बस विड्थ’च्या रकान्यात १९२ दिसले तरच ते १२ जीबीचे कार्ड.