वादळानंतरचे छप्पर आणि त्याची सांधपट्टी

चक्रीवादळाने घराची हानी केली म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतात ते उडालेले पत्रे आणि फुटलेली कौले. हा नाश उघड असतो, त्यामुळे त्याची दुरुस्तीही लवकर होते. परंतु छप्पर जेथे भिंतीला टेकते, धुराड्याभोवती वळते, किंवा दोन पाखी आत वळून जेथे घळ करतात, तेथे बसविलेली पत्र्याची अरुंद पट्टी वाऱ्याने बोटभर उचलली गेली तरी ती खालून दिसत नाही. पुढे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, वाशाचे टोक कुजते आणि दोष मात्र कौलांना दिला जातो. बांधकामाच्या परिभाषेत या पट्टीस फ्लॅशिंग म्हणतात. मराठीत तिला सर्वत्र रूढ असे नाव आढळत नाही. प्रत्यक्ष कामावर ‘पत्रा मारा’ एवढ्यावरच भागते. येथे सोयीसाठी ‘सांधपट्टी’ हा शब्द योजला आहे.

३ मे २०१९ रोजी फनी हे चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १७५ ते १८० किलोमीटर होता. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, म्हणजे त्या मानाने बराच कमी. तथापि ओडिशात मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या मध्यास पोचतो. तेथील घरमालकाला महिना-दीड महिन्याची सवड असते. कोकणात वादळ आले ते पावसाच्या तोंडावर, शाकारणी उरकून घरे सज्ज झालेली असताना. अशा वेळी कोणते काम आधी आणि कोणते मागाहून, हे ठाऊक असणे फार महत्त्वाचे ठरते.

वारा छपरावर दाब देतो अशी सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुतः छप्पर उडते ते बव्हंशी वरून होणाऱ्या ओढीमुळे. आढ्यावरून आणि वळचणीच्या कडेवरून वेगाने वाहणारी हवा तेथे कमी दाबाचा पट्टा निर्माण करते. त्यातच दार किंवा खिडकी फुटून वारा आत शिरला, तर खालूनही रेटा बसतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचे सूत्र दिले आहे : वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा व त्यास ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला हा दाब चौरस मीटरमागे सुमारे ६८ किलोग्रॅम वजनाइतका होतो. ताशी १८० किलोमीटरला तो सुमारे १५३ किलोग्रॅम, म्हणजे वेग दीडपट तर दाब सव्वादोनपट. मंगलोरी कौलांच्या छपराचे वजन चौरस मीटरमागे चाळीस किलोग्रॅमच्या आसपास असते. हा झाला मूळ दाब; छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर ओढ त्याहूनही अधिक असू शकते. सांधपट्टी नेमकी अशाच जागी असते आणि तिला स्वतःचे वजन जवळजवळ नसतेच.

उचललेल्या पट्टीच्या फटीत सिमेंटचा गिलावा भरून टाकणे हा आपल्याकडील सर्वांत प्रचलित उपाय, आणि माझ्या मते सर्वांत फसवाही. तीन मीटर लांबीचा पोलादी पत्रा रात्रीच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात, तापमानात चाळीस अंशांचा फरक पडल्यास, सुमारे दीड मिलिमीटर आखडतो व पसरतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ही हालचाल जवळजवळ दुप्पट असते. भिंत मात्र एवढी हलत नाही. त्यामुळे गिलाव्याला केसासारखी चीर पडते, आणि अशी चीर मोठ्या भोकापेक्षा अधिक त्रासदायक असते. कारण केशाकर्षणामुळे पाणी तिच्यात आपोआप ओढले जाते व सहजी वाळत नाही. शिवाय ओले सिमेंट क्षारधर्मी असल्यामुळे ते जस्ताचा आणि ॲल्युमिनियमचा थर खाते.

म्हणून चांगली सांधपट्टी दोन भागांची करतात. पडवीच्या छपराचे उदाहरण घेऊ. खालची पट्टी काटकोनात वाकवून तिचा एक पाय पडवीच्या छपरावर पसरतात व दुसरा भिंतीलगत किमान १५ सेंटिमीटर वर चढवितात. वरची पट्टी भिंतीत रोवलेली असते आणि टोपीच्या काठाप्रमाणे खालच्या पट्टीवर उतरते. दोहोंना एकमेकींशी खिळत नाहीत. छप्पर हलले तरी पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि पाणी बाहेरच पडते.

दुरुस्तीस आरंभ करताना प्रथम ताडपत्री घालून घर झाकावे आणि वारा पूर्ण पडल्यावर, तुटलेल्या विजेच्या तारांची खात्री करून मगच वर चढावे. पाय वाशांच्या रेषेवर ठेवावा. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली अचानक फुटतो. तो कोरडा कापू वा भोसकू नये. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. घरातील ओलीचा डाग पाहून वरची जागा ठरवू नये. पाणी वाशावरून वाहत जाऊन दोन-तीन हात दूर टपकते, तेव्हा शोध डागापासून चढणीच्या दिशेने घ्यावा.

वाकलेली पट्टी ठोकून सरळ करण्याचा मोह आवरावा. घडीवर जस्ताचा थर तडकलेला असतो आणि खाऱ्या हवेत गंज तेथूनच लागतो. जुनी पट्टी काढून भिंतीच्या दर्जेत छिन्नीने चार-पाच सेंटिमीटर खोल खाच घ्यावी, धूळ झाडावी, खाच भिजली असल्यास सुकू द्यावी. नव्या पट्टीचे तुकडे उताराच्या खालच्या टोकाकडून लावीत वर जावे, म्हणजे वरचा तुकडा खालच्यावर चढतो. कौले लावतानाचाच हा क्रम. तुकड्यांची जोड किमान १५ सेंटिमीटरांची असावी. नागमोडी पत्र्यावर स्क्रू लाटेच्या माथ्यावर घ्यावा, खोलगटात कधीही नाही, आणि त्याखाली रबरी वॉशर असावा. तांब्याची पट्टी जस्ती पत्र्याला भिडवू नये. ओलाव्यात जस्त झपाट्याने झिजते. रोवलेली कड पाचरींनी घट्ट करून खाच लवचीक लांबीने बुजवावी.

काम झाल्यावर पाणी ओतून परीक्षा घेतात. पाणी प्रथम वळचणीकडे सोडावे व हळूहळू वर सरकावे; प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे धार धरून एकाने आत वाशांवर लक्ष ठेवावे. वरूनच सुरुवात केली तर सारे छप्पर एकदम भिजते आणि पाणी कोणत्या सांध्यातून आले ते सांगता येत नाही.