वैयक्तिक संगणकाचे कार्यमापन

ठराविक काम करण्यास वैयक्तिक संगणकाला किती वेळ लागतो अथवा ठराविक वेळात तो किती काम उरकतो, हे नियंत्रित परिस्थितीत मोजण्याच्या पद्धतीस संगणकाचे कार्यमापन म्हणतात. तुलनेसाठी निरनिराळ्या संगणकांवर जी एकच आज्ञावली चालवितात तिला मानदंड चाचणी किंवा रूढ भाषेत बेंचमार्क म्हणतात. बेंचमार्क हा शब्द मुळात भूसर्वेक्षणातील असून जमिनीची उंची मोजताना आधारासाठी दगडावर किंवा भिंतीवर कोरलेल्या पक्क्या खुणेस तो लावीत. अशी खूण अचल असते. संगणकावरील चाचणीचे फलित मात्र तसे नसते. एकच चाचणी एकाच संगणकावर लागोपाठ दोनदा चालविली, तरी मिळणारे दोन आकडे सहसा सारखे येत नाहीत. त्यामुळे आकडा मिळविणे हा कार्यमापनातील सोपा भाग होय. दोन आकड्यांमधील फरक संगणकांच्या खऱ्या गुणांमुळे पडला की मापनाच्या परिस्थितीमुळे, हे ठरविणे हा त्यातील अवघड व महत्त्वाचा भाग आहे.

गरज : संगणक खरेदी करणारी व्यक्ती वा संस्था, संगणक तयार करणारे अभियंते आणि आज्ञावली लिहिणारे तज्ञ या सर्वांना कार्यमापनाची गरज भासते. केवळ कालस्पंदांची कंप्रता पाहून वेगाचा अंदाज करणे फसवे ठरते. एखाद्या आज्ञावलीस लागणारा वेळ हा तिच्यातील पार पाडलेल्या सूचनांची संख्या, दर सूचनेस लागणारे सरासरी कालस्पंद आणि एका कालस्पंदाचा अवधी या तीन राशींचा गुणाकार असतो. कंप्रतेवरून यांपैकी फक्त तिसरी राशी कळते. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसी या संगणकाची कंप्रता ४·७७ मेगॅहर्ट्‌झ होती. आजच्या संगणकांची ती सु. हजार पट असते. तथापि प्रत्यक्ष वेगातील वाढ याहून पुष्कळच मोठी आहे, कारण आधुनिक प्रोसेसर एका स्पंदात अनेक सूचना पार पाडतो व त्यात अनेक गाभे एकाच वेळी काम करतात. उलट, समान कंप्रतेचे दोन प्रोसेसर वेगात एकमेकांहून बरेच भिन्न असू शकतात. म्हणून प्रत्यक्ष काम देऊन वेळ मोजणे हाच विश्वसनीय मार्ग होय.

इतिहास : ब्रिटनमध्ये हॅरल्ड कर्नो यांनी १९७२ मध्ये अल्गॉल-६० या भाषेत ‘व्हेटस्टोन’ ही चाचणी लिहिली. लेस्टरशरमधील व्हेटस्टोन या गावी तयार झालेल्या अल्गॉल कंपायलरवरून तिला हे नाव पडले. वैज्ञानिक आकडेमोडीच्या आज्ञावलींत कोणत्या प्रकारच्या क्रिया किती वेळा येतात याची पाहणी करून त्या प्रमाणात क्रिया असलेली ही कृत्रिम आज्ञावली होती. राइनहोल्ट व्हाइकर यांनी १९८४ मध्ये पूर्णांक गणित व मजकुरावरील क्रिया यांवर भर देणारी ‘ड्राइस्टोन’ ही चाचणी प्रसिद्ध केली. ‘व्हेट’ चा उच्चार ओला या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा होत असल्याने तिला विनोदाने कोरडा या अर्थाचे नाव देण्यात आले. जॅक डोंगारा यांची लिनपॅक चाचणी १९७९ पासून प्रचारात असून तिच्यात एकघाती समीकरणांचा संच सोडवावयाचा असतो. जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांची यादी १९९३ पासून याच चाचणीच्या आधारे तयार करतात. पुणे येथील कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेच्या ‘एका’ या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ च्या यादीत चौथा क्रमांक मिळविला, तोही या चाचणीतील ११७·९ टेराफ्लॉप्स या मोजलेल्या वेगामुळेच.

कृत्रिम चाचण्यांचे दोष लवकरच ध्यानात आले. ड्राइस्टोन इतकी लहान होती की ती संपूर्णपणे प्रोसेसरलगतच्या जलद कॅश स्मृतीत मावे व मुख्य स्मृतीच्या वेगाची परीक्षाच होत नसे. शिवाय जिच्या उत्तराचा पुढे कोठेही उपयोग होत नाही अशी आकडेमोड चतुर कंपायलर गाळून टाकीत. त्यामुळे न केलेल्या कामाचाही वेग मोजला जाई. या दोषांवर उपाय म्हणून १९८८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढण्यात आली. त्याच वर्षी अनेक उत्पादकांनी एकत्र येऊन ‘स्पेक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन केली. या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संचात कृत्रिम आज्ञावलींऐवजी प्रत्यक्ष वापरातील कामांवर आधारलेल्या दहा आज्ञावली होत्या. त्यानंतर तिने वेळोवेळी नवे संच काढले असून २०१७ च्या संचात ४३ चाचण्या आहेत.

फलितांतील चढउताराची कारणे : (१) तापमान व विद्युत् शक्ती : आधुनिक प्रोसेसरची कंप्रता स्थिर नसते. थंड असताना तो काही काळ आपल्या मूळ कंप्रतेपेक्षा अधिक वेगाने चालतो. तापल्यावर किंवा शक्तीची मर्यादा गाठल्यावर आपणहून मंदावतो. अशी सोय वैयक्तिक संगणकांच्या बाजारपेठेत २००८ पासून विशेष रूढ झाली. यामुळे अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत पुढे असलेला लॅपटॉप अर्ध्या तासाच्या कामात मागे पडू शकतो. खोलीचे तापमान, पंख्यात साचलेली धूळ व संगणक घटमालेवर चालतो की घरच्या वीजपुरवठ्यावर, या गोष्टींचाही परिणाम होतो.

(२) परिचालन प्रणाली : विंडोज, लिनक्स यांसारख्या प्रणाली पडद्याआड सतत काही कामे करीत असतात. अद्ययावत आवृत्ती उतरवून घेणे, विषाणुरोधक तपासणी, फायलींची सूची बनविणे इ. कामे मापन चालू असतानाच सुरू झाल्यास फलित बिघडते. २०२१ पासून बाजारात आलेल्या काही प्रोसेसरांत जलद व काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे एकत्र असतात. चाचणी त्यांपैकी कोणत्या गाभ्यावर चालते यावरही वेळ अवलंबून असतो.

(३) स्मृती व साठवण : फाइल प्रथम वाचताना ती साठवण-साधनातून येते, दुसऱ्यांदा मात्र बहुधा मुख्य स्मृतीतच सापडते. म्हणून पहिली फेरी मंद व पुढील फेऱ्या जलद होतात. यांपैकी कोणतीही फेरी खोटी नसते. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. अर्धसंवाहक साठवण-साधनांत लिहिताना आरंभी माहिती एका जलद भागात जाते व तो भरल्यावर वेग बराच घटतो; त्यामुळे लहान फाइल लिहून मोजलेला वेग मोठ्या फाइलीस लागू पडत नाही. १६ गिगाबाइट स्मृतीची एकच पट्टी आणि ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या यांतही फरक असतो, कारण दोन पट्ट्या दोन मार्गांनी एकाच वेळी माहिती पुरवितात.

(४) स्मृतीतील मांडणी : आज्ञावलीचे भाग स्मृतीत कोणत्या स्थानी येतात, यावरही तिचा वेग काही अंशी ठरतो. अमेरिका व स्वित्झर्लंड येथील चार संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखवून दिले की, आज्ञावलीचे घटक जोडण्याचा क्रम बदलल्याने किंवा परिचालन प्रणालीने तिला पुरविलेल्या परिसर-माहितीची लांबी बदलल्यानेही कालमापनात एवढा फरक पडतो की, एखादी सुधारणा उपकारक की अपायकारक हा निष्कर्षच उलटू शकतो. या परिसर-माहितीत वापरणाऱ्याचे नावही असते. म्हणजेच वरवर पाहता मापनाशी संबंध नसलेली बाबही त्यात शिरकाव करू शकते.

(५) घड्याळाची सूक्ष्मता : जुन्या आयबीएम पीसीवरील घड्याळाचे ठोके सेकंदाला सु. १८·२ पडत, म्हणजे दोन ठोक्यांत सु. ५५ मिलिसेकंदांचे अंतर असे. याहून लहान काम त्याने मोजता येत नसे व एक सेकंदाच्या मापनातही पाच टक्क्यांपर्यंत चूक संभवे. १९९३ मधील पेंटियम प्रोसेसरात कालस्पंद मोजणारा गणक आला व सूक्ष्म मापन सुलभ झाले. तथापि घड्याळ वाचण्यासही काही वेळ लागतो; म्हणून अतिशय लहान काम हजारो वेळा करवून एकूण वेळेस त्या संख्येने भागणे हा मार्ग आजही इष्ट ठरतो.

मापनाची पद्धती : प्रथम प्रश्न निश्चित करावा लागतो. मोठे हिशेबपत्रक उघडण्यास लागणारा वेळ, चलच्चित्राचे रूपांतर व खेळातील चित्रांचा दर या भिन्न राशी आहेत. त्यांपैकी एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. ज्या कामासाठी संगणक घ्यावयाचा तेच काम शक्यतो चाचणी म्हणून वापरतात. नंतर अनावश्यक आज्ञावली बंद करून, वीजपुरवठा जोडून व शक्तिव्यवस्थापनाची निवड नोंदवून परिस्थिती स्थिर करतात. आरंभीच्या काही फेऱ्या यंत्र स्थिरस्थितीस येण्यासाठी सोडून देतात. मात्र संगणकाचा पहिल्या वापरातील वेगच जाणून घ्यावयाचा असेल, तर प्रत्येक फेरीपूर्वी तो पुन्हा सुरू करावा लागतो.

दोन पर्यायांची तुलना करताना पहिल्याच्या सर्व फेऱ्या आधी व दुसऱ्याच्या नंतर घेणे सदोष असते. मधल्या काळात यंत्र तापल्यास तो दोष दुसऱ्या पर्यायाच्या माथी येतो. म्हणून फेऱ्या आलटूनपालटून किंवा यादृच्छिक क्रमाने घेतात. एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगशास्त्रातील नियम येथेही लागू आहे. आज्ञावलीचे उत्तर बरोबर आले की नाही हेही तपासणे जरूर असते. चुकीचे उत्तर लवकर देणाऱ्या यंत्रास वेगवान म्हणता येत नाही.

आकड्यांचा अर्थ : समजा, एका आज्ञावलीच्या जुन्या आवृत्तीस पाच फेऱ्यांत २०·१, २०·३, २०·२, २०·२ व २४·७ सेकंद लागले आणि नव्या आवृत्तीस २०·६, २०·७, २०·५, २०·६ व २०·६ सेकंद लागले. माध्य पाहिल्यास जुनीचे २१·१ व नवीचे २०·६ सेकंद येते व नवी आवृत्ती सरस वाटते. मध्यक मात्र अनुक्रमे २०·२ व २०·६ सेकंद असून त्यावरून जुनीच सरस ठरते. निष्कर्ष उलटण्याचे कारण २४·७ ही एकच नोंद होय. ती तपासणीविना गाळणे योग्य नव्हे. विषाणुरोधक तपासणी मध्येच सुरू झाल्याने ती आली असल्यास फेरी पुन्हा घेतात. परंतु आज्ञावलीच अधूनमधून अडखळत असेल, तर वापरणाऱ्यास तो अनुभव रोज येणार असल्याने तीच नोंद सर्वांत महत्त्वाची ठरते.

यादृच्छिक चूक फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते. ती निम्मी करण्यास चौपट फेऱ्या लागतात. फेऱ्यांमधील विखुरणी पाच टक्के असताना मोजक्या फेऱ्यांवरून दोन टक्क्यांची सुधारणा झाल्याचा दावा करणे निराधार होय. पद्धतशीर चूक मात्र कितीही फेऱ्या घेतल्या तरी घटत नाही. तापलेल्या यंत्रावर घेतलेल्या शंभर फेऱ्या तीच चूक शंभर वेळा सांगतात व आकडे एकमेकांशी जुळत असल्याने उलट अधिक विश्वास उत्पन्न करतात.

अनेक चाचण्यांचा एकच गुणांक काढताना विशेष काळजी घ्यावी लागते. समजा, क या संगणकास दोन कामांना १० व ४० सेकंद आणि ख या संगणकास २० व २० सेकंद लागतात. क हा आधार धरल्यास ख च्या वेळांची गुणोत्तरे २ व ०·५ येतात आणि त्यांचे माध्य १·२५ म्हणजे ख हा २५ टक्क्यांनी मंद ठरतो. ख हा आधार धरल्यास नेमका क हा २५ टक्क्यांनी मंद ठरतो. ही विसंगती भूमितीय माध्याने टळते, असे फ्लेमिंग व वॉलेस यांनी १९८६ मध्ये दाखविले. स्पेकच्या गुणांकातही तेच वापरतात. येथे भूमितीय माध्य दोन्ही संगणकांस समान ठरविते. परंतु दोन्ही कामे एकेकदा करण्यास क ला ५० व ख ला ४० सेकंद लागतात, ही वस्तुस्थिती त्यातून दिसत नाही. म्हणून गुणांकासोबत मूळ वेळाही देणे अवश्य असते.

मर्यादा व गैरवापर : चाचणीच्या गुणांवर विक्री अवलंबून राहू लागली की यंत्रे चाचणीसाठी घडविली जातात. स्पेकच्या १९८९ च्या संचातील सारणी गुणाकाराच्या ‘मॅट्रिक्स ३००’ या आज्ञावलीचा वेग केवळ कंपायलरमधील सुधारणेने कित्येक पटींनी वाढविता आला व त्यामुळे संपूर्ण गुणांक फुगला. १९९२ च्या संचातून ती वगळण्यात आली. २००३ मध्ये ‘थ्रीडी मार्क ०३’ ही चित्रालेखन चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते काम कमी करणाऱ्या चालक-आज्ञावली उघडकीस आल्या.

यास्तव फलित प्रसिद्ध करताना प्रोसेसर, स्मृती, साठवण-साधन, परिचालन प्रणाली व कंपायलर यांच्या आवृत्ती, फेऱ्यांची संख्या, विखुरणी आणि संक्षेपाची रीत ही सर्व माहिती देतात. स्पेकच्या २०१७ च्या नियमांनुसार तीन फेऱ्या घेतल्यास मध्यक आणि दोनच घेतल्यास मंद फेरी ग्राह्य धरतात. सर्वांत जलद फेरी निवडण्याची मुभा नाही. दुसऱ्या कोणास त्याच परिस्थितीत तेच फलित पुन्हा मिळविता येणे, ही विश्वसनीयतेची अंतिम कसोटी मानतात. ही माहिती नसलेला आकडा जाहिरातीस पुरेसा असला, तरी खरेदीचा वा संशोधनाचा निर्णय घेण्यास अपुरा असतो.